ऑल-ग्रेन शिकतोय, पण गिरणीवाल्याला 'तूस राखून भरडा' कसं समजवायचं? (कोल्हापूर)

रंकाळ्याचा_वारा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर खाली सगळे प्रतिसाद तिच्यावरच पडतील. घरात बिअर करायला आपल्याकडं मुभा नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, आणि परवाना नसेल तर घरच्या पातेल्यातली पाच लिटरही त्यात येते. म्हणून मी यीस्ट टाकत नाही. त्याच्या अलीकडचं सगळं करतो: धान्य भरडायचं, ठराविक तपमानाच्या पाण्यात तासभर मुरवून आतल्या स्टार्चची साखर करायची, गाळायचं, उकळायचं. मग तो गोड रस गार करून प्यायचा. जर्मनीत असलं बिनअल्कोहोलचं माल्टचं (म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं) पेय पोरंसोरंही पितात.

हे खूळ लागलं इंग्लंडात. कामासाठी दोन वर्षं होतो. घरमालक दर दुसऱ्या शनिवारी मागच्या शेडमध्ये पातेली मांडून बसायचा. तिकडं घरगुती बिअरवरचं लायसन १९६३ सालीच उठलंय, त्यामुळं त्यात काही चोरीछुपी नाही. मी तिथं पातेली घासली आणि प्यालो, एवढाच माझा अनुभव. परत आल्यावर कळलं की घासणाऱ्याला बरंच कळतं, पण करता काही येत नाही.

ज्यांना ऑल-ग्रेन हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी: नवशिके हौशी लोक माल्टचा तयार दाट पाक डब्यात आणतात, काकवीसारखा दिसतो, आणि पाण्यात कालवतात. ऑल-ग्रेनवाला तो पाक स्वतः धान्यातून काढतो. बाजारातून ढेप आणणं आणि घरचं गुऱ्हाळ लावणं, इतका फरक आहे.

आता माझे पराक्रम.

पहिला: माल्ट घरीच करू म्हणून किराणा दुकानातून बार्ली आणली, भिजवली, फडक्यात बांधली. तीन दिवस मोड नाही. चौथ्या दिवशी आईनं वासावरून गाठोडं शोधून काढलं आणि परसात टाकलं. नंतर कळलं, ती सुपात घालायची पांढरी बार्ली घासून सोललेली असते. कोंबच शिल्लक नाही तर मोड कुठून येणार? मोड यायला तुसासकट जव लागतो.

दुसरा: नाद सोडून तयार माल्ट मागवला, बेकरीवाले वापरतात तसा. तो घेऊन आमच्या गल्लीतल्या गिरणीत गेलो. काकांशी झालेलं संभाषण जसंच्या तसं देतो.

"काय करायचं?"
"भरडा करा."
"म्हशीला हाय काय?"
"नाही, आम्हालाच."
काकांनी माझ्याकडं, मग पिशवीकडं, मग परत माझ्याकडं बघितलं. "माणसाला हाय म्हंजे जरा बारीक करतो."

आणि केलं की हो! मी तिथं नळाला पाणी प्यायला वळलो तेवढ्यात. दोन किलो माल्टचा रव्यापेक्षा बारीक चुरा. ऑल-ग्रेनमध्ये धान्याचं तूसच गाळणीचं काम करतं, तुसांचा थर तळाशी बसतो आणि रस त्यातून निथळतो. इथं तुसाचंही पीठ. घरी मुरवून जारचा नळ उघडला, दोन वाट्या दुधाळ पाणी आलं, मग ठार बंद. शेवटी आईनं सगळं पंच्यात ओतून चक्क्यासारखं खुंटीला टांगलं. रात्रभर टपटप.

तिसरा: पुढच्या खेपेला काकांच्या डोक्यावर उभा राहिलो आणि "अजून जाड, अजून जाड" करत राहिलो. अर्धे दाणे तसेच अख्खे खाली आले. रस झकास निथळला, पण पातळ. दोन किलोंत दहा लिटर काढला, हायड्रोमीटरवर (रसाचा दाटपणा मोजायची तरंगती दांडी, साध्या पाण्यात १.००० दाखवते) १.०२८. १.०४० च्या पुढं जायला हवं होतं.

साहित्य सांगतो. लग्नात थंड पाण्याचे जाड भिंतीचे जार ठेवतात ना, त्यातला वीस लिटरचा रुंद तोंडाचा एक. तळाशी बसणारी स्टीलची भोकांची चकती उद्यमनगरात करून घेतली. (तिथल्या मिस्त्रीनं "मोदकपात्र का?" म्हणून विचारलं.) दोन किलोला सहा लिटर पाणी, मुरवणी ६६ अंशांवर, एक तास. मग वरून आठ लिटर गरम पाण्यानं धुऊन घेतो.

प्रश्न दोन. गिरणीवाल्याला नेमकं काय सांगू, की तूस अख्खं राहील आणि आतला गर फुटेल? आणि माझा थर्मामीटर उकळत्या पाण्यात ९८ दाखवतो, म्हणजे दोन अंश कमी. मी प्रत्येक आकड्यात दोन मिळवून धरतो. चालेल ना?

---

तात्या_शिरोळकर

भावा, तू इंग्लंडला जाऊन शिकलास ते आमच्या गुऱ्हाळावर चार दिवस बसला असतास तर फुकटात झालं असतं की. पहिली उकळी फुटली की मळी वर येती, ती काढायची. आमी भेंडीचं पाणी घालतो, त्यात मळी धरून येती. फेस लईच चढला तर खोबरेल नाहीतर शेंगतेलाचं चार थेंब, लगेच बसतो. एका काहिलीला आमी एक आधण म्हणतो. तुझंबी आधणच की हे!

चुलवाणाचा जाळ मात्र ज्याच्या त्याच्या हातात द्यायचा नसतो. गूळ तिथंच बिघडतो.

---

रंकाळ्याचा_वारा

तात्या, 'आधण' शब्द उचलला, आजपासून हाच. मळी माझ्याकडंही येते, पहिल्या उकळीला तपकिरी फेस चढतो आणि मग ताक फुटल्यासारख्या गुठळ्या दिसतात. ती प्रथिनं. तेल मात्र बिअरवाले टाळतात, ग्लासातल्या फेसाची वाट लागते. मला फेसाशी कर्तव्य नाही, पुढच्या वेळी दोन थेंब टाकून बघतो. परवा गॅसची शेगडी धुण्यात अर्धा तास गेला.

---

बिनधास्त_बंड्या

एवढं सगळं करायचं आणि ऐनवेळी काकवी पिऊन गप्प बसायचं? चिमूटभर यीस्टनं कुणाला कळणार हाय राव

---

रंकाळ्याचा_वारा

बंड्या, पहिला परिच्छेद वाच. मला कळणार, आईला कळणार, आणि आता ह्या धाग्यामुळं अख्ख्या गावाला. विषय संपला.

---

बारावीचा_मास्तर

थर्मामीटर फेकू नका आणि त्यात दोन मिळवूही नका! कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. इथं पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. तुमचा थर्मामीटर बरोबर आहे, चूक तुमच्या हिशेबात आहे. तुम्ही ६६ समजत होता तेव्हा प्रत्यक्षात ६४ होतं.

दोन अंशांनी काय होतं ते सांगतो, कारण ऑल-ग्रेनचा सगळा जीव त्यातच आहे. मोड आलेल्या जवात स्टार्च तोडणारी दोन विकरं (एन्झाइम) असतात. स्टार्चची साखळी म्हणजे उसाचं लांब कांडं समजा. बीटा-अमायलेज टोकाला बसतो आणि दोन-दोन पेरं तोडत जातो. दोन पेरांचा तुकडा म्हणजे माल्टोज, गोड. अल्फा-अमायलेज बेशिस्त, मधेच कुठंही कोयता घालतो. त्यानं तुकडे झाले की बीटाला नवी टोकं मिळतात, म्हणून दोघं एकत्र लागतात. बीटाला ६० ते ६५ मानवतं, त्यावर तो लवकर मरतो. अल्फा सत्तरीपर्यंत टिकून असतो. म्हणून ६३-६४ ला रस जास्त गोड आणि अंगानं पातळ होतो. ६८-६९ ला बीटा अर्ध्यात गळतो, लांब तुकडे शिल्लक राहतात, गोडी कमी आणि तोंडात दाटपणा जास्त. बिअरवाल्यांच्या दृष्टीनं हे लांब तुकडे यीस्टला खाता येत नाहीत, म्हणून बिअर जड होते.

स्टार्च संपला का ते बघायचं तर मेडिकलमधून टिंक्चर आयोडीन आणा. पांढऱ्या बशीत चमचाभर रस, त्यावर एक थेंब. निळं-काळं झालं तर स्टार्च बाकी आहे. आयोडीनचाच पिवळसर तपकिरी रंग राहिला तर काम झालं. बशीतलं ओतून टाका, परत पातेल्यात नाही.

आणि १.०२८ कितव्या अंशाला मोजलंत?

---

रंकाळ्याचा_वारा

सर, दंडवत! सहा महिने मी एका चांगल्या थर्मामीटरला नावं ठेवत होतो. रस २७ अंशांवर असताना मोजला होता.

---

बारावीचा_मास्तर

बहुतेक हायड्रोमीटर २० अंशांसाठी आखलेले असतात, तुमच्या दांडीवर छापलं असेल. २७ ला दीडेक पॉइंट (०.००१ म्हणजे एक पॉइंट) कमी दिसतो. म्हणजे फार तर १.०२९-१.०३०. दोष भरडण्याचाच.

---

मुसाफिर_७७

वाचतोय. वाखु (वाचनखूण) साठवली.

---

आक्का_राजारामपुरी

मला बिअरमधलं काही कळत नाही, माझा नातू हे वाचून दाखवतोय आणि मी सांगते ते टाइप करतोय. पण तूस राखून भरडायचं काय एवढं अवघड आहे? आम्ही आयुष्यभर तेच केलं.

दळायचं जातं वेगळं, भरडायचं वेगळं. भरडायच्या जात्यात मधल्या खुंट्याला चिंधीची चुंबळ घालायची, म्हणजे वरची तळी जराशी उचलली जाते. दोन तळ्यांत दाण्याएवढी फट राहिली की दाणा फुटतो, चिरडत नाही. तूर-हरभऱ्याची डाळ अशीच निघते.

आणि कोरडं ठणठणीत धान्य घेऊन गिरणीत गेलास ना? तिथंच चुकलं. डाळ करताना आदल्या दिवशी पाण्याचा हात लावून ठेवतात. साल चिवट होतं आणि अख्खं सुटतं. कोरडं असलं की भुगा होतो. तुझ्या जवालाही आधी पाण्याचा हात लाव.

सातूच्या पिठाचा सातू तो हाच जव, एवढं मात्र मला माहीत आहे. आता त्यात गहू आणि डाळंच जास्त असतात.

---

मेलबर्नकर

आक्का, तुम्हाला साष्टांग नमस्कार. बिअरवाले ह्यालाच माल्टचं कंडिशनिंग म्हणतात आणि त्यावर पानंच्या पानं लिहितात. प्रमाण वजनाच्या दोन टक्के पाणी. दोन किलोला ४० मिलि, स्प्रेच्या बाटलीतून, हातानं खालीवर करत. पंधरा मिनिटं थांबून भरडायचं. तूस कातड्यासारखं चिवट होतं, आतला गर कोरडाच राहतो. आदल्या दिवशी मात्र लावू नका, माल्ट कच्च्या डाळीपेक्षा लवकर पाणी ओढतो.

रंकाळेकर, गाळणीचा त्रास नको असेल तर पिशवीची पद्धत बघा. ती निघालीच इकडं ऑस्ट्रेलियात. नायलॉनच्या बारीक जाळीची पातेल्याएवढी पिशवी शिवायची, धान्य त्यात, सगळं पाणी एकदमच, तासानं पिशवी उचलून निथळत ठेवायची. तुमच्या आईनं चक्का टांगला ती हीच पद्धत. ☺ ह्यात बारीक दळलेलंही चालतं, कारण गाळायचं काम कापड करतं. जार, चकती, काही लागत नाही. नवख्या माणसानं इथूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

इथं घरी करायला मुभा आहे म्हणून पुढचंही थोडक्यात सांगतो. १.०४३ चा रस १८-२० अंशांवर दोनेक आठवडे आंबवला आणि १.०१० वर थांबला की साधारण सव्वाचार टक्के. उन्हाळ्यात इथंही तपमान आवरताना घाम फुटतो.

एक कळकळीची सूचना. रस बाटलीत गच्च झाकून बाहेर ठेवू नका, उकळून भरला असला तरी. त्याची आम्लता कमी असते आणि बिनहवेच्या बाटलीत बोट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जंतू वाढू शकतात. वास-चवीनं ते कळतही नाही. फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

---

रंकाळ्याचा_वारा

हे शेवटचं माहीत नव्हतं. दोन बाटल्या फडताळात होत्या, आत्ता ओतून आलो.

पिशवीचं पटतंय, पण चकतीला पैसे घातलेत. ती वसूल झाल्याशिवाय आई पिशवी शिवून देणार नाही.

---

गडहिंग्लजची_नाचणी

जवच कशाला? आमच्याकडं नाचणीला मोड आणून सत्त्व करतातच. जोंधळा तर घरचा आहे. त्याचं होईल का?

---

बारावीचा_मास्तर

होईल, पण दोन अडचणी. जवाचा स्टार्च ६०-६५ ला फुगून मऊ होतो, म्हणजे विकरं जिथं काम करतात तिथंच. जोंधळ्याचा स्टार्च सत्तरीच्या आसपास फुगतो, तोवर बीटा मेलेला असतो. म्हणून जोंधळ्याच्या कण्या आधी शिजवायच्या, ६५ पर्यंत गार होऊ द्यायच्या, मग त्यात जवाचा माल्ट घालायचा. शिवाय जोंधळ्याला तूस नाही, गाळायला पिशवीच हवी.

दुसरी अडचण गंभीर आहे. जोंधळ्याच्या कोवळ्या कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. कोवळ्या जोंधळ्यात जनावर शिरलं की विषबाधा होते ती त्यानंच. घरी मोड आणलेत तर वाळवून सगळे कोंब आणि मुळ्या चोळून, पाखडून काढायच्या. मोडाची उसळ समजून कच्चं तर अजिबात खायचं नाही. नाचणीला हे भय नाही आणि तृणधान्यांत तिच्या मोडात विकरंही बरी असतात. तुम्ही नाचणीच घ्या.

---

तात्या_शिरोळकर

बियाण्याचा जोंधळा न्हाईतर जव कुणी भिजवू नका रे. त्याला औषध चोळल्यालं असतंय. रंग बघून कळंल.

---

रंकाळ्याचा_वारा

तात्या, हे बरं झालं सांगितलंत.

---

रंकाळ्याचा_वारा

दोन रविवार गेले. तिसऱ्या आधणाची हकीकत.

सकाळी परातीत दोन किलो माल्ट पसरला, केसांना पाणी मारायच्या बाटलीत ४० मिलि मोजून घेतलं आणि आक्कांनी सांगितल्यासारखा हात लावला. दहा मिनिटांनी एक दाणा नखानं दाबून बघितला. आधी तूस कचकन तुटायचं, आता वाकलं. बाहेरून किंचित सादळलेल्या चुरमुऱ्यासारखं, आत खडखडीत.

गिरणीत ह्या वेळी 'भरडा' हा शब्दच काढला नाही. "काका, हरभऱ्याची डाळ करताना पाटे लावता तसे लावा," एवढंच म्हणालो. "मग आधी सांगायचं की," काका म्हणाले. आमच्या आधी कुणाचे तरी गहू झाले होते, ते निघून जावेत म्हणून पहिली मूठभर डब्यात पाडून बाजूला काढली. (चटणी कांडायच्या दिवसांत मात्र त्या गिरणीकडं फिरकणार नाही. मार्चमध्ये सगळ्या गल्लीला ठसका लागलेला असतो.) उरलेलं खाली आलं तेव्हा ओंजळीत घेऊन फुंकर मारली. तुसाच्या होड्या उडाल्या, बऱ्याचशा अख्ख्या, आणि हातात पांढरी कणी राहिली. काकांनीही घेऊन फुंकली. "म्हशीच्या कामाचं न्हाई हे," म्हणाले.

जार आधी कढत पाण्यानं विसळला. मागच्या वेळी तेही विसरलो होतो, गार भिंतीनंच तीन-चार अंश खाल्ले असणार. पाणी ७१ ला तापवून ओतलं, माल्ट हळूहळू सोडत लाकडी डावानं हलवलं. २८ अंशांचं धान्य पडल्यावर बरोबर ६६. मालक तिकडं थंडीत ७४ पर्यंत तापवायचा, आपल्याला उन्हाची तेवढी सवलत.

तासानं आयोडीन: पिवळसर. अर्ध्या तासाला बघितलं होतं तेव्हा जांभळट होतं. डोळ्यांसमोर बदलताना बघणं हा लई भारी प्रकार आहे, आईलाही बोलावून दाखवलं. पहिले दोन लोटे गढूळ येतात ते हळूच परत वर ओतले, मग तुसाचा थर बसला आणि स्वच्छ, चहाच्या रंगाची धार लागली. धुवायचं पाणी ७६ च्या वर जाऊ दिलं नाही, नाहीतर तुसाचा तुरटपणा उतरतो. झाकण न ठेवता तासभर उकळी. झाकलं तर शिजवलेल्या मक्यासारखा वास कोंडतो. शेंगतेलाचे दोन थेंब टाकले, तात्या, शेगडी कोरडी राहिली.

पातेलं मोरीत बर्फाच्या पाण्यात ठेवून गार केलं आणि २० अंशांवर मोजलं. १.०४१.

अर्ध्या रसात सुंठ आणि लिंबू घातलं, अर्धा तसाच ठेवला. मला तसाच आवडला, भाजलेल्या गव्हाच्या पिठाची आठवण होते. आईच्या मते काकवी बरी.

---

आक्का_राजारामपुरी

पाटे डाळीसारखे लावले म्हटल्यावर होणारच.

---

मेलबर्नकर

१.०४१ म्हणजे दोन किलोंतून दहा लिटरला जवळपास दोन तृतीयांश साखर उतरली. तिसऱ्याच खेपेला! अभिनंदन. चोथ्याचं काय केलंत?

---

रंकाळ्याचा_वारा

ओला चोथा साडेतीन-चार किलो भरला. दुसऱ्या दिवसापर्यंत आंबतो, म्हणून त्याच संध्याकाळी मागच्या गल्लीतल्या म्हशीवाल्यांकडं बादली पोचवली. आज सकाळी दुधाला गेलो तर त्यांनी विचारलं, "पुढचं आधण कधी?"